या शेकोटीवर काही शिजणार नाही

निफाडच्या थंडीची बातमी दर हिवाळ्यात येते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा तीन-चार अंशांपर्यंत उतरला की पेपरात आकडा छापून येतो. सोबतचा फोटोही ठरलेला असतो: द्राक्षबागेच्या कडेला पेटलेली शेकोटी आणि कानटोपी घातलेला शेतकरी. लांबून पाहणाऱ्याला तो हिवाळ्याचा आनंद वाटत असेल. बागायतदाराची ती रात्रपाळी असते. पाणी उतरलेल्या, म्हणजे पिकायला लागलेल्या मण्यांना अशी थंडी लागली तर मणी तडकतात, जे तडकत नाहीत त्यांची फुगवण थांबते. म्हणून पहाटे तीन-चारला उठून बांधाबांधानं काडीकचरा पेटवायचा आणि ठिबक सोडायचं, कारण विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा उबदार असतं. वारा पडलेल्या रात्री गार हवा जमिनीलगत साचून राहते. तिच्यात थोडी ऊब मिसळता आली तर वर्षाचं पीक वाचतं.

लग्न होऊन या तालुक्यात आले तेव्हापासून मी विस्तव पाहिला तो असा, कामाला जुंपलेला. बागेत द्राक्षं वाचवणारा, परसातल्या चुलीवर लग्नाकार्याचा भात शिजवणारा, तांब्याच्या बंबात सगळ्या घराच्या आंघोळीचं पाणी तापवणारा. प्रत्येक विस्तवाजवळ कुणीतरी वाकून बसलेलं असायचं, आणि बागेतली शेकोटी सोडली तर ते कुणीतरी म्हणजे बाईच. आमच्या सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, गॅस घरात आल्यावरही कितीतरी वर्षं भाकरी चुलीवरच केल्या, कारण नानांना, म्हणजे सासऱ्यांना, तव्यावरची भाकरी निखाऱ्यावर शेकून फुगलेली लागायची. त्या भाकरीची चव मीही घेतली आहे आणि ती खरंच वेगळी असते. पण ती चव कुणाच्या डोळ्यांतून यायची, हे मी रोज पाहत होते.

म्हणून घराची डागडुजी संपली, थोड्या विटा उरल्या आणि परसात शेकोटीची कायमची जागा करावी असं माझ्या मनात आलं, तेव्हा आईंचा पहिला प्रश्न अगदी रास्त होता. "आयुष्यभर धूर गिळला गं. आता कुठं डोळ्याचं ऑपरेशन झालंय. पुन्हा कशाला ते?"

माझं उत्तर तयार होतं. "आई, या शेकोटीवर काही शिजवायचं नाही. तुम्ही फुंकायचं नाही, काही ढवळायचं नाही. नुसतं बसायचं."

त्या काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी मी परसात खुंटी ठोकून दोरीनं वर्तुळ आखत होते तेव्हा मागून आवाज आला, "तिथं नको. उत्तरेचा वारा सुटला की सगळा धूर स्वयंपाकघरात येईल." आणि जागा त्यांनीच दाखवली. घरापासून पंधराएक पावलं लांब, कडब्याच्या गंजीच्या विरुद्ध टोकाला, वर ना विजेची तार ना झाडाची फांदी, आणि पाठीशी जुन्या गोठ्याची भिंत.

त्या भिंतीचं महत्त्व मला नंतर कळलं. शेकोटीची ऊब आपल्यापर्यंत येते ती मुख्यतः ज्वाळेच्या आणि निखाऱ्यांच्या सरळ किरणांनी. तापलेली हवा वर आभाळात निघून जाते, ती आपल्या वाट्याला येतच नाही. म्हणून शेकोटीपुढे तोंड भाजतं आणि पाठ गारठते. पाठीमागे भिंत असली की वारा अडतो, आणि भिंत तापली की थोडी ऊब मागूनही परत येते. म्हाताऱ्या माणसांना भिंतीशी बसवायचं, हे आमच्याकडे कुणी समजावून सांगत नाही, पण करतात सगळे.

आता बांधणीचं सांगते. ऑनलाइन तयार लोखंडी शेकोट्या मिळतात, त्यांना काही हजार रुपये मोजावे लागतात. यूट्यूबवर परदेशी अंगणांतले सुंदर दगडी खड्डे दिसतात. ते पाहून बहुतेक जण पहिल्यांदा खोल खड्डा खणायला घेतात, कारण 'फायर पिट' या इंग्रजी नावातच खड्डा आहे. मला वाटतं, खड्डा किती खोल असावा हे त्यात काय करायचं आहे यावर ठरलं पाहिजे.

हुरड्याची आगटी बघा. जमिनीत लहानसा खड्डा, त्यात गोवऱ्या पेटवून त्यांचा आर, म्हणजे निखारा होऊ द्यायचा आणि त्या धगीत ज्वारीची कोवळी कणसं खुपसायची. तिथं ज्वाळा नकोच असते; ज्वाळेनं दाणा करपतो. गोवरी हळू, ज्वाळेविना जळते आणि खड्ड्याच्या कडा धग आतल्या आत धरून ठेवतात. तीन-चार माणसं भोवती उकिडवी बसणार, गरम कणसं हातावर चोळणार, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर दाणे तोंडात टाकणार. परभणीच्या कृषी विद्यापीठानं हुरड्यासाठी 'परभणी वसंत' आणि राहुरीच्या विद्यापीठानं 'फुले मधुर' असे खास वाण काढले, इतकं हे खाणं आपल्याकडे मुरलेलं आहे. पण आगटी तीच, हातभर खड्डा.

रायगडात पोपटी लावतात तिथं खड्ड्याचीही गरज लागत नाही. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, बटाटे, कुणाकडे अंडी, कुणाकडे कोंबडी. तोंडाशी पुन्हा पाला कोंबायचा आणि मडकं उपडं ठेवून चहूबाजूंनी पेटवायचं. पाण्याचा थेंब घालायचा नाही. शेंगांच्या आणि पाल्याच्या ओलाव्यावरच सगळं शिजतं. जाळ मडक्याला वेढून राहावा म्हणून ती आग मोकळ्या जमिनीवर, अंगावर येणारी. माझी जाऊ पेणची आहे. तिच्या माहेरी मी ती खाल्ली आहे आणि त्या वासाबद्दल पानभर लिहू शकेन.

आम्हाला मात्र नुसतं बसायचं होतं. बसलेल्या माणसाच्या पायांपर्यंत आणि छातीपर्यंत ऊब पोचवायची तर ज्वाळा जमिनीच्या वर दिसली पाहिजे. खोल खड्ड्यातली आग आपली बरीच ऊब खड्ड्याच्या मातीलाच देते. म्हणून विस्तवाचा तळ जमिनीच्या बरोबरीनं ठेवायचा, भोवती बुटकं कडं करायचं आणि ते वर जाताना परातीच्या काठासारखं बाहेर झुकवायचं, असं ठरलं. आतून अडीच फूट व्यास. त्याहून मोठं केलं तर लाकूड जास्त लागतं आणि माणसं एकमेकांपासून लांब बसतात.

पाया मात्र खणावाच लागला. आमची माती काळी, खोल. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर सरळ बांधलेलं काहीही दोन पावसाळ्यांत तडकणार. फूटभर माती काढली, तळाला बांधकामातली उरलेली खडी, वर मुरूम, पाणी मारून धुमसानं घट्ट केला. खडी खाली असल्यामुळे पावसाचं पाणी आत तुंबत नाही. खर्च काही नाही, अंगमेहनत भरपूर. धाकट्या दिरांनी आणि त्यांच्या मुलानं ती केली.

दगडाच्या बाबतीत मी हट्टानं नाही म्हटलं. पुतण्याला कादवा नदीच्या पात्रातले गुळगुळीत गोटे आणायचे होते. दिसायला ते देखणे असतात यात शंका नाही. पण वर्षानुवर्षं पाण्यात राहिलेल्या दगडाच्या पोटात ओल असते. तो तापला की आत वाफ होते, वाफेला वाट मिळाली नाही की दगड फुटतो आणि त्याची कपची कुणाच्या डोळ्यात जाईल हे सांगता येत नाही. म्हणून विटाच. विटेनं भट्टीत नऊशे-हजार अंशांची आग एकदा सोसलेली असते. घरच्या थोड्या होत्या, बाकीच्या वीटभट्टीवरून झामा आणल्या. झामा म्हणजे भट्टीत जास्त भाजून काळवंडलेली, थोडी वाकडी झालेली वीट. बांधकामाला ती फारशी कुणी घेत नाही, त्यामुळे स्वस्त पडते. पाणीही फारसं पीत नाही, म्हणून ती सगळ्यात खालच्या थरात, जमिनीच्या ओलीजवळ घातली. नऊ इंची वीट लांबीनं लावली तर अडीच फुटी वर्तुळाच्या एका थराला दहाच्या आसपास लागतात. एक थर जमिनीत अर्धा गाडलेला, तीन वर, म्हणजे चाळीस विटांत काम होतं. जमिनीवरच्या पहिल्या थरात चार ठिकाणी चार बोटांची फट ठेवली. शेकोटीला श्वास तिथूनच मिळतो. विटा, टेम्पो आणि बाकी किरकोळ धरून हजार रुपयांच्या आत सगळं झालं.

जोडायला सिमेंट वापरलं नाही. सिमेंटचा माल साधारण चारशे अंशांपुढे ठिसूळ व्हायला लागतो आणि निखाऱ्यांची धग त्याच्या कितीतरी पुढे जाते. गवंडी म्हणाला, काही होत नाही, लावून टाकू. तेवढ्यात आई पुढे आल्या. "मातीचं काम आहे ना? मग मी सांगते तसं करा."

पुढचे काही तास आमच्या परसात आईंचं राज्य होतं. काळी माती त्यांनी बाजूलाच सारायला लावली. वाळली की तडकते. गावठाणातल्या पडक्या वाड्याच्या भिंतीची पांढरी माती आणायला सांगितली. ती चाळली, ढेकळं फोडली, त्यात गव्हाचा भुस्सा, ताजं शेण, थोडी बारीक वाळू आणि चुलीतली चाळलेली राख घातली. रात्रभर भिजत ठेवली. सकाळी पायानं तुडवली, म्हणजे त्यांनी सांगितलं आणि आम्ही तुडवली. हातात गोळा घेऊन त्या तो दाबून बघायच्या, पुन्हा थोडं पाणी, पुन्हा तुडवा. भुस्सा कशासाठी, मी विचारलं. "माती धरून ठेवतो. आणि पहिल्या जाळात जळून गेला की आत बारीक पोकळ्या राहतात, त्यानं माती उडत नाही." उष्णतेनं पसरणाऱ्या मातीला जागा हवी, हे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. त्यांच्या सासूबाईंनी त्यांना चूल घालायला शिकवली तेव्हा हे कळलं, आणि त्या चुली वर्षानुवर्षं टिकल्या.

विटा सुक्याच रचल्या, एकमेकींना घट्ट न बांधता, म्हणजे तापल्यावर हलायला जागा राहील. सांध्यांत आणि आतल्या बाजूनं आईंची माती. शेवटचा हात त्यांनी स्वतः फिरवला. गुडघे दुखतात म्हणून पाटावर बसून, ओल्या तळव्यानं, काठ गोल करत. लिंपण सावलीत वाळू दिलं, उन्हात नाही. मग रोज थोडा थोडा पाचोळा जाळून कडं तापवत नेलं. नव्या चुलीलाही पहिल्याच दिवशी मोठा जाळ देत नाहीत.

धुराचं मी त्यांना शब्द देऊन बसले होते, त्यामुळे त्याचा अभ्यास मी मनापासून केला. लाकूड तापलं की त्याच्या वजनाचा मोठा भाग, तीन-चतुर्थांशाच्या आसपास, वायू होऊन बाहेर पडतो. तो पुरेसा तापला आणि त्याला हवा मिळाली तर त्याचीच ज्वाळा होते. नाही मिळाली तर त्याचा धूर होतो आणि तो डोळ्यांत जातो. ओल्या लाकडाची बरीच धग आतलं पाणी उकळण्यातच जाते, मग वायू पेटायचा कसा? म्हणजे धुराचा उपाय मुख्यतः लाकूड साठवण्यात आहे. पावसाळ्याआधी फोडायचं, पत्र्याखाली, जमिनीपासून वीतभर उंच, मधून वारा खेळेल असं रचायचं. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की ठणठण आवाज आला तर वाळलं समजा. आमच्या बांधावरची वेडी बाभूळ दरवर्षी तोडावीच लागते, नाहीतर ती शेतात शिरते. वाळल्यावर ती जड, सावकाश जळणारी आणि निखारे टिकवणारी होते. पेटवणाला तुराट्या आणि दाणे काढून उरलेली मक्याची बुरकुंडं.

द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या मात्र मी घालू देत नाही, आणि यावरून घरात वाद झाला. आमच्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी, काड्यांचे ढीग फुकट पडलेले असतात. पण त्या काड्यांवर वर्षभर किती फवारण्या झालेल्या असतात ते आम्हालाच माहीत आहे. बोर्डो मिश्रणातला मोरचूद, इतर बुरशीनाशकं, कीटकनाशकं. त्याचा धूर पोरांच्या आणि आईंच्या नाकात मला नको. त्या काड्या कुट्टी करून पुन्हा बागेतच जाव्यात, जमिनीला त्यांची गरज आहे. तसंच रंग दिलेली जुनी दारं, प्लायवूडचे तुकडे आणि प्लास्टिक इथं येणार नाही. कण्हेरीची फांदी तर चुकूनही नको. तिचं सगळं अंग विषारी आहे आणि धूरही. आमच्या कुंपणालाच कण्हेर आहे, म्हणून पोरांना हे आधी शिकवलं.

पेटवायची रीतही बदलली. चुलीत पेटवण खाली असतं, कारण वर भांडं आहे आणि जाळ लगेच हवा असतो. इथं घाई कुणाला आहे? जाड ओंडके खाली, त्यांच्यावर मध्यम फाटे आडवे-उभे, सगळ्यात वर तुराट्या, आणि काडी वरून लावायची. आग खाली उतरत जाते, खालच्या लाकडाचा वायू वरच्या ज्वाळेतून जातो आणि तिथंच पेटतो. आई हे सगळं हाताची घडी घालून बघत होत्या. वरून पेटवलेलं त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. पहिल्या पाच मिनिटांनंतर धूर विरला तेव्हा त्या म्हणाल्या, "मी पुढच्या बाजूला बसते."

बसायच्या जागेवर मी सगळ्यात जास्त विचार केला आणि पैसे मात्र जवळजवळ लागले नाहीत. भिंतीलगत उरलेल्या विटांचा कट्टा, वर घरात शिल्लक राहिलेली शहाबादी फरशी. उंची आईंच्या गुडघ्याच्या मापानं, सोळा इंच, म्हणजे उठताना कुणाचा हात धरावा लागत नाही. कड्यापासून साडेतीन-चार फूट अंतर. बाकीच्यांसाठी बाज आणि पोती. शेजारी पाण्याची भरलेली बादली आणि वाळूचं घमेलं कायम. उठताना निखारे पसरवून पाणी मारायचं, राख हात लावता येईल इतकी गार झाल्याशिवाय कुणी आत जायचं नाही. निखारे घमेल्यात घेऊन खोलीत न्यायचे नाहीत, कितीही थंडी असली तरी. बंद खोलीत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेलं माणूस जागं होत नाही. हे मी पाहुण्यांनाही सांगते, त्यांना राग आला तरी.

आता संध्याकाळी जेवणं उरकली की घरातले सगळे तिकडे येतात. बागेचं, बाजारभावाचं, मुलांच्या परीक्षांचं बोलणं होतं. कुणीतरी प्रत्येक वेळी म्हणतं की एक जाळी ठेवली असती तर कणसं भाजता आली असती, चहा झाला असता. मी नाही म्हणते. एकदा जाळी आली की चहा कोण करणार हे ठरलेलं आहे. पहाटेच्या बागेतल्या शेकोटीवर पुरुषांनी हवा तितका चहा करावा, तिथं त्यांची रात्रपाळी असते. इथं आई बसलेल्या असतात आणि त्यांना कुणी उठवायचं नाही.

पुण्याच्या नणंदेला हे फोटो पाहून गच्चीत असंच काही करायचं आहे. सोसायटीची परवानगी आधी घे, असं मी सांगितलं. बाकीचं आईंनी माझ्या हातातून फोन घेऊन सांगितलं. स्लॅबवर थेट विस्तव ठेवायचा नाही, काँक्रीट तापून कपच्या उडतात आणि गळती सुरू होते. चार विटा मांडून त्यावर भंगारातून घेतलेलं जाड लोखंडी घमेलं, त्यात तीन बोटं वाळू, वाळूवर विस्तव. चकचकीत जस्ताची बादली घेऊ नकोस, तापली की तिच्यातून वाईट धूर निघतो. लाकूड इथून पोतंभर पाठवते, ते ओल्या फरशीवर ठेवू नकोस. आणि बसायला काय घेणार आहेस, उंची किती, ते मोजून मला सांग.